‘नॉस्फेरातू’ पाहिला, पण कोणता? मूकपटांचे पाठभेद आणि फाळक्यांची दोन रिळे (धागा)

जर्मनीतले एक जुने बंदर. निर्मनुष्य रस्त्यावरून एक हडकुळे पिशाच्च चालले आहे आणि स्वतःची शवपेटी त्याने स्वतःच बगलेत धरली आहे. १९२२ च्या ‘नॉस्फेरातू’ या मूकपटातील हे दृश्य जगभरच्या भयपटप्रेमींना तोंडपाठ आहे. आंतरजालावर फुकट मिळणाऱ्या कृष्णधवल प्रतीत मात्र ते पाहताना हसू येते, कारण भिंतींवर लख्ख ऊन पडलेले असते. पुढे तासाभराच्या आत हेच पिशाच्च सूर्याच्या पहिल्या किरणाने विरून जाते. मग भर दुपारी ते गावभर हिंडले कसे?

‘जुन्या लोकांना तर्काची फिकीर नव्हती’ असा शेरा मारून पुष्कळ तरुण प्रेक्षक येथेच चित्रपट बंद करतात. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्यावर हा शुद्ध अन्याय आहे. त्यांनी तो प्रसंग रात्रीचाच दाखवला होता. ती रात्र पुढच्या नकला काढणाऱ्यांनी पुसून टाकली.

त्या काळची फिल्म प्रकाशाला फारशी संवेदनशील नव्हती, त्यामुळे बाहेरचे रात्रीचे प्रसंग बहुधा दिवसाच चित्रित होत. नंतर प्रदर्शनासाठी काढलेल्या प्रतीचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवून काढला जाई. निळा म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट, ही भाषा प्रेक्षकाला ठाऊक असे. हा रंग निगेटिव्हवर नसे, प्रतीवर असे. म्हणून रंगीत प्रतीवरून कोणी कृष्णधवल फिल्मवर नक्कल उतरवली की रात्र गळून पडे आणि ऊन तेवढे उरे. मुर्नाऊंची ‘चूक’ ती हीच.

या कथेत उजेडाला केवढे महत्त्व आहे, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पिशाच्चाला कोंबड्याच्या पहिल्या आरवण्याचा विसर पाडील अशी स्त्री असेल तरच गाव वाचेल, अशी ‘नॉस्फेरातू’ची अट आहे. कोंबडा आरवला की भुताखेतांचा अंमल संपतो, हे मालवण-कुडाळकडच्या आजीच्या गोष्टींतही असेच असते. शेवटच्या गुलाबी पहाटेपर्यंत निळी रात्र टिकवून धरणे हीच त्या चित्रपटाची बांधणी आहे. ज्या प्रतीत निळे आणि गुलाबी दोन्ही नाही, त्या प्रतीत शेवट उरतो, पण तो कशाचा शेवट आहे ते कळत नाही.

आता प्रती इतक्या कशा झाल्या, ते पाहू. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी १८९७ ची. प्राना-फिल्म या नवख्या जर्मन कंपनीने हक्क न घेताच तिच्यावर चित्रपट बेतला. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक केला, हार्करचा हुटर आणि मीनाची एलेन. कथा विस्बोर्ग नावाच्या काल्पनिक जर्मन बंदरात नेली. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात पहिला खेळ थाटात झाला आणि थोड्याच काळात कंपनीचे दिवाळे निघाले. स्टोकर यांच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स यांनी खटला भरला. १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाची निगेटिव्ह आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला.

परंतु तोवर प्रती देशोदेशी गेल्या होत्या. ज्या वाचल्या, त्या प्रत्येकीची कहाणी निराळी. कुठे पाट्या फ्रेंचमध्ये, कुठे कात्री चाललेली. १९३० मध्ये तर ‘बारावा तास’ या अर्थाच्या जर्मन नावाने एक फेरफार केलेली ध्वनियुक्त आवृत्तीही निघाली. अमेरिकी प्रतींत ऑर्लोकचा पुन्हा ड्रॅक्युला झाला आणि विस्बोर्गचे ब्रेमेन. आज फुकट मिळणारी बहुतेक चित्रणे याच शाखेतली. ती पाहून कोणी ‘नॉस्फेरातूमध्ये ड्रॅक्युला हेच नाव आहे’ असे ठासून लिहितो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्यापुढचा पाठच तसा असतो.

‘पाठ’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते गोळा करायची, त्यांच्या शाखा लावायच्या, प्रत्येक श्लोकाचे पाठभेद तळटीपेत द्यायचे, आणि संपादकांची खात्री नसेल तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढायची, अशी ती शिस्त. इतिहासाचा विद्यार्थी बखर हाती घेताना ती कोणाची, कधीची नक्कल आहे हे आधी विचारतो. मूकपट पाहताना मात्र हाच विद्यार्थी शोधपट्टीत पहिल्या आलेल्या दुव्यावर बोट ठेवतो आणि त्यालाच मूळ साधन समजतो. खटकते ते हे.

‘नॉस्फेरातू’ला त्याची चिकित्सक आवृत्ती मिळाली आहे. म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयातील एन्नो पातालास यांनी १९८० च्या दशकात पाया घातला. पुढे मुर्नाऊ प्रतिष्ठानासाठी लुचियानो बेरिआतुआ यांनी २००५-०६ मध्ये केलेले पुनरुज्जीवन आज प्रमाण मानले जाते. त्याचा आधार म्हणजे पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेज या संग्रहातील १९२२ ची रंगवलेली नायट्रेट प्रत. तिच्यातले गहाळ तुकडे इतर संग्रहांतील प्रतींवरून भरले. पाट्या शक्य तेथे मूळ जर्मन घेतल्या. ज्या सापडल्या नाहीत, त्या जुन्या अक्षरवळणात नव्याने घडवल्या आणि कोणता तुकडा कुठला याचे निवेदन चित्रपटाच्या आरंभीच दिले. भांडारकरांच्या नागमोडी रेघेमागचा प्रामाणिकपणा तो हाच.

हा पाठ तबकडीवर आणणाऱ्या संस्थांत दोन ठळक: ब्रिटनमधील युरेका (‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ मालिका) आणि अमेरिकेतील किनो. दोन्हींच्या डीव्हीडी २००७ मध्ये आल्या, ब्लू-रे २०१३ मध्ये. अभ्यासासाठी युरेकाची निवड करावी. तिच्यात पाट्या जर्मनच राहतात आणि भाषांतर खाली उपशीर्षकात येते. पत्रे, रोजनिशी, पिशाच्चविद्येचा जुना ग्रंथ, जहाजाची नोंदवही अशा कागदांनी हा चित्रपट भरलेला आहे, आणि त्या कागदांची अक्षरे हा त्याच्या नेपथ्याचाच भाग आहे. इंग्रजी पाट्या बसवल्या की मजकूर कळतो, पण कागद हरवतो. किनोने इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही पाट्यांची सोय ठेवली, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

तिसरी तबकडी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची, ब्लू-रे २०१५ ची. पाट्या इंग्रजी, संगीत जेम्स बर्नार्ड यांचे, म्हणजे १९५८ च्या हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’ला ज्यांनी संगीत दिले तेच. मूळ संगीत हान्स एर्डमान यांचे होते. त्याची पूर्ण स्वरलिपी उरली नाही. त्यांच्या प्रकाशित स्वररचनांवरून बर्न्ट हेलर यांनी ते पुन्हा उभे केले आणि युरेका-किनोच्या तबकड्यांवर तेच ऐकू येते. एर्डमान यांनी आपल्या रचनेला ‘अद्भुतरम्य’ म्हटले होते आणि ती तशीच आहे: मंद, जराशी हळवी, पिशाच्चापेक्षा एलेनकडे अधिक पाहणारी. बर्नार्ड दार उघडण्याआधीच भीती दाखवतात. प्रथमच पाहणाऱ्याला ते आवडेल. पण १९२२ च्या प्रेक्षकाला काय अनुभव आला असेल, हे त्यावरून ठरवू नये.

म्हणून बर्नार्ड यांची तबकडी बाद होते का? सिंधुदुर्गातून पाहिले तर नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. चित्रांची पाने एकेक करून प्रेक्षकांपुढे धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगायची. त्या पानांच्या संचाला ‘पोथी’च म्हणतात. पाने तीच राहतात, सांगणारा बदलतो, रात्र बदलते. याच समाजाकडे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही आहे: पांढरा पडदा, मागे दिवा, आणि पडद्यावर हलणारी राक्षसाची आकृती. ज्याने तो पाहिला असेल त्याला जिन्यावरून चढत जाणारी ऑर्लोकची लांब नखांची सावली परकी वाटणार नाही. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, हे अनेकांना माहीत असेल. दशावतारातही कथानक ठरलेले, संवाद मात्र रंगमंचावर आयत्या वेळी घडणारे. पायपेटीवाला त्या रात्रीचा रंग पाहून वाजवतो.

मूकपटाचे संगीत याच जातीचे होते. गावोगावच्या चित्रगृहांत वादक बदलत, संगीत बदले. तेव्हा चित्र ही पोथी आणि संगीत हा त्या रात्रीचा खेळ, असा भेद केला की पुष्कळ भांडणे मिटतात. पोथीची पाने फाडू नयेत, त्यांचे रंग धुऊन काढू नयेत. खेळ कोणीही आपल्या परीने करावा, फक्त तो आपला आहे हे सांगावे. बर्नार्ड यांचे नाव वेष्टनावर आहे. फुकटच्या प्रतींवर मात्र कुठल्याशा वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका निनावी चिकटवलेली असते, आणि ऐकणारा तीच मूळ समजतो.

गतीचेही असेच. पुनरुज्जीवित पाठ सेकंदाला १८ चौकटींच्या गतीने सुमारे ९४ मिनिटे चालतो. तोच बोलपटाच्या २४ च्या गतीने चालवला की सत्तरएक मिनिटांत उरकतो, आणि पिशाच्च गाडी चुकल्यासारखे धावू लागते. मुर्नाऊंनी जंगलातली घोडागाडी मुद्दाम झटक्याझटक्याने पळवली आहे. सगळेच पळू लागल्यावर तिचे वेगळेपण कुठून दिसणार?

या शिफारशीत एक अडचण आहे आणि ती लपवू नये. ब्लू-रे तबकड्यांची जगात विभागणी आहे: अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’, भारत ‘सी’. युरेकाची तबकडी मागवली तरी येथल्या साध्या यंत्रावर ती बहुधा चालणार नाही, शिवाय तिची किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला जड. मालवणच्या मुलाने फुकटची प्रत पाहिली म्हणून त्याला हिणवण्यात अर्थ नाही. त्याने निदान पाट्यांतील नावे, रंग आणि लांबी पाहून आपल्यापुढे कोणती शाखा आहे ते ओळखावे आणि लिहिताना तिचा उल्लेख करावा. एवढ्याला पैसे लागत नाहीत.

हे सारे जर्मनीपुरते राहिले असते तर एवढा लांब धागा लिहिण्याचे कारण नव्हते. दरवर्षी ३ मे रोजी मराठी समाजमाध्यमांवर एक चित्रण फिरते: दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ, गिरगाव. मूळ चित्रपट सुमारे ३७०० फुटांचा, चार रिळांचा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत पहिले आणि शेवटचे अशी दोन रिळे, मिळून १४७५ फूट. सोळाच्या गतीने ती पंचवीसेक मिनिटे चालतात, चोवीसच्या गतीने सोळा. फिरणारे चित्रण कोणत्या गतीचे आहे हे वाटणाऱ्याने कधी तपासलेले नसते.

गती हा तर किरकोळ भाग झाला. फाळक्यांनी १९१७ मध्ये हेच कथानक ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केले. उरलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर भारताचा पहिला कथापट म्हणून दरवर्षी ज्याला वंदन होते, त्यातले काहीच आज डोळ्यांना दिसत नाही आणि दिसते ते चार वर्षांनंतरच्या, हात बसलेल्या फाळक्यांचे काम आहे. तारामतीच्या महालातील मांडणी पाहून ‘पहिल्याच प्रयत्नात केवढी सफाई’ असे कौतुक करणाऱ्यांनी हा फरक विचारात घ्यायला हवा. १९१३ च्या धडपडीचे श्रेय १९१७ च्या सरावाला दिले, तर फाळक्यांची वाढ कळण्याचा मार्गच बंद होतो.

महाभारताच्या पाठासाठी या राज्याने सत्तेचाळीस वर्षे खर्ची घातली. फाळक्यांच्या १४७५ फुटांसाठी एक तबकडी पुरेशी आहे: योग्य गती, दोन्ही बाजूंचे पुरावे मांडणारी पुस्तिका, १९१३ आणि १९१७ यांबद्दलचा वाद झाकून न ठेवणारे निवेदन, आणि वाटल्यास पिंगुळीच्या किंवा दशावतारी वादकांची साथ, त्यांच्या नावासकट. तोवर येत्या ३ मे रोजी ते चित्रण पुढे पाठवणाऱ्याने वर्षापुढे एक प्रश्नचिन्ह टाकावे: १९१३?