खानदेशाने न पाहिलेला चेहरा

२०२५ ची वसुबारस. सणाला घरी निघालेल्या माणसांनी भुसावळचे फलाट भरून गेले आहेत. कुणी खंडव्याच्या बाजूला, कुणी नागपूरकडे, कुणी सुरत लाइनला. दर थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून निवेदन होते, आधी एका भाषेत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. गर्दी थबकते, माना वर होतात, बोलता बोलता माणसे गप्प होतात. गाडीचा नंबर आणि फलाटाचा नंबर कानात पडला की गाठोडी पुन्हा डोक्यावर चढतात आणि जिना भरून जातो. तो आवाज कुणाचा, हे कुणी विचारत नाही. त्याच्यावर विश्वास मात्र सगळे टाकतात, तोही मुलाबाळांसकट.

तो दिवस १७ ऑक्टोबरचाही आहे. स्मिता पाटीलचा जन्मदिवस. ती असती तर या दिवशी सत्तर वर्षांची झाली असती. आपल्याकडे लेकीला कुणी अहोजाहो करत नाही, म्हणून आम्हीही एकेरीतच लिहितो. लेक म्हणायचे कारण शिरपूर. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे. स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते, पुढे राज्याचे मंत्री, २०१३ मध्ये पद्मभूषण. आई विद्याताई परिचारिका. स्मिताचा जन्म पुण्यातला, शाळाही तिथलीच, संस्कार राष्ट्र सेवा दलाचे. पण मूळ गाव कोणते असे विचारले तर उत्तर धुळे जिल्ह्यातच येऊन थांबते, आणि खानदेशात आजही तिचे नाव निघाले की कुणीतरी 'आपली' असा शब्द त्याच्याआधी लावतोच.

या दिवशी तिच्या चित्रपटांबद्दल पुष्कळ लिहिले जाईल. 'भूमिका', 'चक्र', 'उंबरठा', 'जैत रे जैत'. दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ ची पद्मश्री. ते लिहिलेच पाहिजे. आम्हाला आज बोलायचे आहे ते त्याआधीच्या स्मिताबद्दल, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या मुलीबद्दल. चरित्रांमध्ये हा भाग बहुधा एका परिच्छेदात उरकलेला असतो, पुढच्या मोठ्या घराची पायरी म्हणून. आमच्या मते ती पायरी नव्हती, शाळा होती.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा दूरदर्शन आकाशवाणीचाच भाग होते, वेगळे खाते झाले ते १९७६ मध्ये. नवे माध्यम, हाताशी थोडी माणसे, पडदा कृष्णधवल. ज्योत्स्ना किरपेकर तिथे बातम्या वाचत. त्यांचे पती दीपक किरपेकर यांनी स्मिताचे काढलेले फोटो केंद्राचे प्रमुख पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या नजरेस पडले, ही मुलगी कोण अशी चौकशी झाली, आणि तिथून ती बातम्यांच्या खुर्चीत आली, असे सांगतात. वय जेमतेम कॉलेजातल्या मुलीचे. जीन्स घालून यायची, बातम्यांची वेळ झाली की त्याच जीन्सवरून साडी गुंडाळायची आणि कॅमेऱ्यासमोर बसायची, ही गोष्ट तिच्या जवळच्या माणसांनी अनेकदा सांगितली आहे. पडद्यावर दिसायचे ते कमरेच्या वरचे: हातमागाच्या साडीचा काठ, ठसठशीत कुंकू, आणि ते डोळे.

त्या काळचे बातम्या वाचणे कसे असे, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. समोर काचेवरून सरकणारी अक्षरे नव्हती. हातात कागद. खाली पाहायचे, वाक्य नजरेने उचलायचे, मान वर करून ते समोरच्याला सांगायचे, संपायच्या आत पुढचे वाक्य उचलण्यासाठी नजर पुन्हा खाली. हे करताना चेहरा हलू द्यायचा नाही. भुवई उडाली तर बातमीवर मत दिल्यासारखे होते. ओठाचा कोपरा जरा वर गेला तर पुराच्या बातमीवर हसल्यासारखे दिसते. ज्या चेहऱ्यावर पुढे साऱ्या देशाने राग, लाज, भूक, माया पाहिली, त्या चेहऱ्याला आधी रोज ठरावीक वेळ काहीही न दाखवण्याचे काम होते. 'उंबरठा'तली सुलभा महाजन खिडकीशी नुसती उभी असते आणि आपण श्वास रोखतो. त्या थांबण्याचे मूळ कुठेतरी वरळीच्या त्या स्टुडिओत आहे, अशी आमची समजूत आहे. तिथेच ती श्याम बेनेगल यांच्या नजरेत आली. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनी तिचे नाव सुचवले, बेनेगलांनी तिला छोट्या पडद्यावर पाहिले, आणि १९७५ मध्ये 'चरणदास चोर' आणि 'निशांत' आले. मग बातम्या सुटल्या.

खानदेशाने तिला बातम्या वाचताना कधी पाहिले नाही, ही रुखरुख मात्र कायमची आहे. मुंबई दूरदर्शन दिसत होते ते मुंबईत, आणि सिंहगडावर प्रक्षेपक बसल्यावर पुण्यात. त्या लहरी कसारा घाट चढून इकडे आल्याच नाहीत. शिरपूरच्या घरातली मुलगी मराठीत महाराष्ट्राच्या बातम्या सांगत होती आणि शिरपूर, चोपडा, यावल, भुसावळ रेडिओला कान लावून बसले होते. गाडीने आलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी सुटायची वाट पाहत होते. इकडच्या घरांच्या कौलांवर अँटेना उभ्या राहिल्या त्या एशियाडनंतर, ऐंशीच्या दशकात. वारा सुटला की एक जण वर चढून अँटेना फिरवायचा, एक जण दारातून 'आलं, आलं, गेलं' ओरडायचा, आणि पडद्यावर सुरुवातीला बरेचसे दिल्लीचेच असायचे. तोवर स्मिता सिनेमाच्या पोस्टरवर गेली होती.

तिच्या पिढीत बातम्यांच्या त्या खुर्चीने आणखीही मोठी माणसे दिली. भक्ती बर्वे त्यातल्या एक. त्यांचे उच्चार ऐकून अनेक घरांत मुलांना 'असं बोलावं' म्हणून दाखला दिला जाई. त्याच भक्ती बर्वे यांनी १९७५ मध्ये पुलंच्या 'ती फुलराणी'त मंजुळा उभी केली, जिला शुद्ध बोलायला शिकवण्यासाठी एक विद्वान पैज लावतो. बातम्या वाचणारी बाई रंगमंचावर अशुद्ध बोलणारी पोर होते आणि त्या पोरीच्या बाजूने सगळे प्रेक्षागृह उभे राहते, याचे आम्हाला खानदेशी माणूस म्हणून फार अप्रूप आहे. कारण 'ळ' हे आमचे दुखरे ठिकाण. आमच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. बहिणाबाईंच्या तोंडी डोळ्याचा 'डोया' आणि कपाळाचे 'कपाय' झाले, आणि मराठीने त्या कवितेला डोक्यावर घेतले. पण आमचीच मुलगी मुलाखतीच्या खोलीत 'केळी'ला 'केयी' म्हणाली की समोरचे हसतात. प्रमाण उच्चार शिकावा, बातमी सगळ्यांना कळायची तर तो लागतोच. मात्र तो शिकताना आपल्या आजीच्या बोलण्याची लाज वाटायला लावणारे शिक्षण आम्हाला मान्य नाही.

आणि प्रदीप भिडे. स्मिता थोडा काळ त्या खुर्चीत बसली, भिडे तिथे जवळपास चार दशके बसले. माहितीपट, जाहिराती, सूत्रसंचालन हे सगळे त्यांनी केले, पण महाराष्ट्राला ते ठाऊक होते संध्याकाळच्या बातम्यांतून. मुख्यमंत्री बदलले, पडदा रंगीत झाला, कागदाच्या जागी सरकती अक्षरे आली, खासगी वाहिन्या आल्या. भिड्यांचा 'नमस्कार' तसाच राहिला. किल्लारीचा भूकंप असो की पंढरीची वारी, शब्द तोलून, नाव नीट उच्चारून, संख्या सावकाश सांगून ते थांबत. ७ जून २०२२ रोजी ते गेले तेव्हा अनेकांना आपल्या घरातला दिवेलागणीचा एक आवाज गेल्यासारखे वाटले. एवढी वर्षे घराघरांत बोलून त्यांचे स्वतःचे मत कुणाला फारसे माहीत नव्हते. आम्ही ही त्यांची मोठी कमाई समजतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. तो शांत आवाज सरकारचा होता. आणीबाणीत त्याच संथ सुरात सरकारला हवे तेवढेच देशाला सांगितले गेले. आवाज सौम्य म्हणून बातमी खरी, असे होत नाही. खासगी वाहिन्या आल्या, आधी ईटीव्ही मराठीसारख्यांनी हैदराबादेत बसून आमच्या तालुक्यांची नावे घेतली, मग २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली, तेव्हा आमच्या केळीचे, कापसाचे, तापीच्या पुराचे प्रश्न पहिल्यांदा पडद्यावर दिसू लागले. हे उपकार आम्ही विसरणार नाही. आजच्या निवेदकाचे कामही सोपे नाही. सलग तासन् तास बसायचे, कानात निर्मात्याचा आवाज, समोर चार पाहुणे, हातात कागद नाही, आणि मिनिटापूर्वी घडलेल्या गोष्टीवर बोलायचे.

पण त्यातून जे झाले आहे ते आम्हाला पाहवत नाही. बस दरीत कोसळल्याची बातमी आणि पाठीमागे चित्रपटातल्या मारामारीचे संगीत. मृतांची नावे यायच्या आत 'सगळ्यात आधी आमच्याकडे'ची पट्टी. प्रश्नही निवेदकाचा, उत्तरही त्याचेच, आवाज टिपेला. अशा घाईने काय होते ते आम्ही पाहिले आहे. मध्ये एकदा एका स्थानकावर, गाव सांगत नाही, ऐनवेळी फलाट बदलल्याचे निवेदन घाईघाईत, अर्धवट झाले. आम्ही तिथे होतो. सलाइन लावलेल्या आजीला दोघांनी खुर्चीसकट उचलले आणि जिन्याने पळत नेले, आणि वर पोहोचल्यावर कळले की गाडी पहिल्याच फलाटावर लागली आहे. खाली येईपर्यंत गाडी सुटली. आजी काही बोलली नाही. नातवाने ध्वनिक्षेपकाच्या त्या भोंग्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आम्हाला रात्री नऊच्या चर्चांच्या वेळी आठवते. निवेदन करणाऱ्याला आजी दिसत नसते. ती आहे हे त्याने धरून चालायचे असते, म्हणून नंबर सावकाश सांगायचा आणि दोनदा सांगायचा.

१३ डिसेंबर १९८६. बाळंतपणानंतर अवघ्या पंधरा दिवसांत स्मिता गेली. वय एकतीस. मुंबई दूरदर्शनवरून ती बातमी वाचली गेली. ज्या केंद्रात ती साडी गुंडाळत धावत यायची, जिथल्या मेकअपच्या खोलीत तिचे हसणे ओळखणारी माणसे अजून नोकरीत होती, तिथूनच. ती बातमी लिहिणाऱ्याने, वाचणाऱ्याने, कॅमेरा लावणाऱ्याने त्या संध्याकाळी काय केले असेल, याचा विचार आम्ही अनेकदा करतो. नाव, वय, चित्रपट, पुरस्कार, मागे कोण. सगळे क्रमाने सांगायचे आणि मग पुढच्या बातमीचा कागद वर घ्यायचा. बातमीतले माणूस आपले असले तरी.

गेल्या उन्हाळ्यात रावेर तालुक्यातली एक मुलगी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत येत होती. भुसावळला कॉलेज, पत्रकारितेला पुढे मुंबईला जायचे आहे, निवेदिका व्हायचे आहे. आदल्या दिवशीच्या अंकातल्या बातम्या ती मोठ्याने वाचायची आणि आम्ही ऐकायचो. 'ळ' तिला छळायचा. 'केळी' म्हणताना जीभ मागे वळवून टाळूला लावायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. पंखा बंद करून वाचायची, कारण कागद उडतो आणि नजर चुकते. बसण्याची पद्धत, मान किती वर करायची, हे ती मोबाइलचा कॅमेरा टेबलावरच्या पुस्तकांना टेकवून बघत असे.

एका दुपारी वादळाची बातमी होती. वाऱ्याने केळीबागा आडव्या झाल्या होत्या, कापणीला आलेल्या घडांसकट. तिने वाचायला घेतली. गावांची नावे आली. पहिले, दुसरे, तिसऱ्याशी ती थांबली. ते तिचे गाव होते. सकाळी घरून फोन आला होता, हे तिने नंतर सांगितले. पाणी हवे का विचारले, नको म्हणाली. कागद सरळ केला, मान वर केली आणि तिसऱ्या गावापासून पुन्हा सुरुवात केली. 'केळी'तला 'ळ' त्या दिवशी स्वच्छ आला.