जनतेचे घड्याळ, मोजक्यांची आठवण

घड्याळाचे काम एकच : आता किती वाजले ते सांगणे. गेलेली घटका ते परत आणीत नाही आणि येणाऱ्या घटकेविषयी ते काही बोलत नाही. असे असूनही अलीकडे बाजारात काही घड्याळे अशी येऊ लागली आहेत की, ती वर्तमानापेक्षा भूतकाळाकडेच अधिक बोट दाखवितात. २०२५ साली जपानच्या सेको कंपनीने पेप्सी या शीतपेयाच्या कंपनीशी सहकार्य करून आपल्या ‘सेको ५ स्पोर्ट्‌स’ या मालिकेत अशी घड्याळे काढली. पेयाच्या बाटलीवरील परिचित रंग व बोधचिन्ह त्यांवर आले आणि ती ठरावीक संख्येनेच तयार करण्यात आली. अशा मालाला ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणतात. ठरलेली संख्या विकली गेली की ती आवृत्ती संपली.

मनगटावर बांधायची वस्तू आणि बाटलीतून प्यायची वस्तू यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न कोणाही संसारी माणसाच्या मनात येईल. त्या संबंधाची कथा मोठी गमतीची आहे. १९५० नंतरच्या दशकात पॅन अमेरिकन या विमान कंपनीचे वैमानिक महासागर ओलांडून लांबचे प्रवास करू लागले. घरची वेळ आणि जेथे उतरायचे तेथील वेळ अशा दोन वेळा त्यांना एकाच घड्याळात पाहावयाच्या असत. त्यांच्यासाठी रोलेक्स कंपनीने चोवीस तासांचा एक जादा काटा आणि तबकडीभोवती फिरते कडे असलेले घड्याळ तयार केले. त्या कड्याचा अर्धा भाग तांबडा व अर्धा निळा होता. तांबडा दिवसासाठी, निळा रात्रीसाठी. शीतपेयाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु हौशी लोकांनी ते रंग पाहिले आणि त्या घड्याळाला ‘पेप्सी’ हे टोपणनाव देऊन टाकले. पुढे १९८३ साली त्याच कंपनीचे तांबडे-काळे कडे निघाले, तेव्हा त्याचे ‘कोक’ असे बारसे झाले. म्हणजे कारखानदारांनी करार करण्यापूर्वी कितीतरी वर्षे लोकांच्या जिभेने घड्याळ व शीतपेय यांची सोयरीक जुळवून ठेवली होती.

ही सोयरीक जुळण्याचे कारण उघड आहे. शीतपेयाची बाटली ही सर्वांच्या ओळखीची वस्तू. कोका-कोला १८८६ साली अटलांटा शहरातील एका औषधविक्याने तयार केले. पेप्सी-कोला हे नाव १८९८ पासूनचे. तेही एका औषधविक्याचेच अपत्य. आपल्याकडेही ही परंपरा काही कालपरवाची नाही. मुंबईत दिनशाजी पांडोळे यांनी १८८९ साली सुरू केलेल्या ड्यूक्सच्या सोड्याने आणि मँगोल्याने कित्येक पिढ्यांची तहान भागविली. पार्ले कंपनीचे गोल्ड स्पॉट हे नारिंगी पेय तर लग्नमंडपापासून रेल्वेच्या फलाटापर्यंत सर्वत्र पोचले होते. अशी बाटली ही चैन खरी, परंतु ती परवडणारी चैन होती. परीक्षेचा निकाल, मामाचा मुक्काम, जत्रा, पहिला सिनेमा अशा प्रसंगांना ती चिकटून राहिली. चव विसरली तरी प्रसंग विसरत नाहीत, आणि प्रसंग आठवला की बाटलीचा रंग आठवतो. आजचा व्यापारी विकतो तो हाच रंग.

आता घड्याळाकडे वळू. स्वातंत्र्यापूर्वी आणि त्यानंतरही काही वर्षे आपल्या देशात मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ असेच समीकरण होते. फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड यांसारख्या कंपन्यांची स्विस घड्याळे मुंबईच्या पेढ्यांतून देशभर जात. ती उत्तम होती, पण सामान्याच्या आवाक्याबाहेर होती. ही स्थिती बदलली १९६१ साली. बंगळूर येथील हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे बनविण्यास आरंभ केला. त्यातील एका घड्याळाचे नाव होते ‘जनता’. पांढरी स्वच्छ तबकडी, साधे आकडे, रोज चावी द्यावयाचे यंत्र. नावातच धोरण होते : हे घड्याळ मोजक्यांसाठी नव्हे, सर्वांसाठी आहे. पुढील दशकांत या कारखान्याने दहा कोटींहून अधिक घड्याळे देशाला दिली.

या आकड्याचा अर्थ कारखान्यांच्या वस्तीत राहणाऱ्यास चांगला कळतो. रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यालगत भनपुरी ही अशीच एक औद्योगिक वस्ती आहे. जेथे पाळ्यांनी काम चालते तेथे घड्याळ हा दागिना नसतो. ती शिदोरीच्या डब्याइतकीच गरजेची वस्तू असते. अशा वस्त्यांतून पहिल्या पगारात घेतलेले, सासऱ्याने जावयाला दिलेले किंवा सेवानिवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मनगटावर बांधलेले घड्याळ घरोघर आढळते. त्याची काच ओरखड्यांनी भरलेली असते, पट्टा चार वेळा बदललेला असतो. पण घरातील वडीलधाऱ्या माणसाचा हात आठवला की त्यावरचे घड्याळही आठवते.

घड्याळ आणि शीतपेय या दोन्ही वस्तूंशी आपल्या शासनाचा एकाच काळी संबंध आला होता, हे आजच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांना येथील भांडवलातील आपला वाटा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागणार होता. कोका-कोला कंपनीला ते मानवले नाही आणि १९७७ साली तिने भारत सोडला. त्या वेळी जनता पक्षाचे सरकार नुकतेच सत्तेवर आले होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने एक नवे पेय सिद्ध केले, सरकारी मालकीच्या मॉडर्न बेकरीजने ते बाटल्यांत भरले आणि सालावरून त्याचे नाव ठेवले ‘डबल सेव्हन’. म्हणजे एक वेळ अशी होती की, नागरिकाच्या मनगटावरचे घड्याळही सरकारी आणि हातातील थंड पेयाची बाटलीही सरकारी! ‘डबल सेव्हन’ फार काळ टिकले नाही. त्याच वर्षी पार्लेने काढलेले थम्स अप मात्र लोकांच्या तोंडी बसले. १९९३ साली कोका-कोला परत आले आणि थम्स अप, गोल्ड स्पॉट ही पेये त्याच कंपनीने विकत घेतली. ड्यूक्स पुढल्या वर्षी पेप्सीकडे गेले. घड्याळाच्या बाबतीत शेवट २०१६ साली आला. एच.एम.टी.ची घड्याळे बनविणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय त्या वर्षी केंद्र सरकारने घेतला.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, ज्या वस्तूंची आज हुरहूर वाटते त्या सर्व वस्तू विपुल होत्या. त्या सर्वांच्या होत्या म्हणूनच त्यांची आठवण सर्वांना आहे. शेजाऱ्याकडे होते तेच घड्याळ आपल्याकडे होते. श्रीमंताच्या मुलाने प्याले तेच पेय गरिबाच्या मुलाने वर्षातून एकदा का होईना, पण प्याले. मर्यादित आवृत्तीचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. जे सर्वांचे होते त्याची आठवण घ्यावयाची, ती मोजक्या नगांत बांधावयाची, आणि इतरांपाशी ती नाही एवढ्याचसाठी तिची किंमत वाढवावयाची, असा हा व्यवहार आहे. जनतेच्या आठवणीला मोजक्यांची मालमत्ता करणे हे काही त्या आठवणीचा सन्मान करणे नव्हे.

दुसरीही एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. पूर्वी शीतपेयांच्या कंपन्या मुलांना खूश करण्यासाठी भेटी देत. बाटल्यांची बुचे साठवून दुकानदाराकडे न्यावीत आणि त्यांच्या बदल्यात चित्रे किंवा पाने भरभर उलटली की क्रिकेटपटू खेळताना दिसे अशी चिमुकली पुस्तके घ्यावीत, हा उद्योग अनेकांनी लहानपणी केला असेल. त्यात कंपनीचा स्वार्थ होता हे खरे. परंतु आपली जाहिरात व्हावी म्हणून खर्च कंपनी करीत असे. आज गंगा उलटी वाहू लागली आहे. कंपनीचे चिन्ह मनगटावर मिरविण्यासाठी ग्राहकच पैसे मोजतो आणि आपल्याला नग मिळाला याबद्दल धन्यता मानतो.

याचा अर्थ ही घड्याळे वाईट आहेत असा मुळीच नाही. १९६३ पासून चालत आलेल्या ‘सेको ५’ या नावातील पाचाचा आकडा पाच गुणांचा निदर्शक आहे : मनगटाच्या हालचालीने आपोआप मिळणारी चावी, एकाच खिडकीत वार व तारीख, पाण्यापासून संरक्षण, चाराच्या आकड्याजवळ आत बसविलेली चावीची कळ, आणि टिकाऊ घडण. ज्याला चांगले यांत्रिक घड्याळ हवे आहे, रंग आवडला आहे आणि खिसा मोकळा आहे, त्याने ते अवश्य घ्यावे. हौसेला मोल नसते असे आपले वडीलही म्हणत. मात्र घेताना आपण तीन निरनिराळ्या वस्तूंची किंमत देत आहोत याचे भान असावे. पहिली यंत्राची, दुसरी दुर्मिळतेची आणि तिसरी आठवणीची. यंत्राची किंमत रास्त आहे की नाही ते जाणकारास विचारून कळेल. दुर्मिळतेची किंमत बाजाराच्या लहरीवर अवलंबून. ती उद्या चढेल किंवा उतरेल. आठवणीची किंमत मात्र देऊच नये, कारण ती वस्तू विक्रेत्यापाशी नसतेच.

या हुरहुरीचा एक देशी बाजारही आहे. एच.एम.टी. बंद पडल्याची वार्ता पसरताच तिच्या जुन्या घड्याळांना एकाएकी मागणी आली. जुनी यंत्रे मिळवावयाची, तबकडी नव्याने रंगवावयाची, पेटी घासूनपुसून चकचकीत करावयाची आणि ‘जुने ते सोने’ म्हणून विकावयाचे, असा व्यवसाय बराच फोफावला. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि हे नाव काही गौरवाने दिलेले नाही. तबकडीवर कारखान्याने कधीच न वापरलेले भडक रंग, वेडीवाकडी अक्षरे, किंवा पाठीवर पन्नास वर्षांचे ओरखडे आणि चेहरा मात्र कालच्यासारखा, अशी लक्षणे दिसली की सावध व्हावे. रंगविणाऱ्या कारागिराच्या हातात कसब असते यात शंका नाही. परंतु विकणाऱ्याने ते मूळचे म्हणून विकू नये आणि घेणाऱ्याने तसे समजून घेऊ नये.

आता घरातील मंडळींना एक सूचना. नवी आठवण विकत घेण्यापूर्वी कपाटातील तो खण एकदा उघडून पाहावा. पुष्कळ घरांत वडिलांचे किंवा आजोबांचे बंद पडलेले घड्याळ रुमालात गुंडाळलेले सापडते. ते मोडले आहे असे गृहीत धरू नये. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने आतील तेल वाळते व चाके अडकतात. बहुधा एवढाच दोष असतो. अशा घड्याळाला जोराने चावी देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण कोरड्या यंत्रावर ताण आला तर धड असलेला भागही झिजतो. ते विश्वासू घड्याळजीकडे न्यावे, उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावे. तबकडी पिवळी पडली असली तरी ती रंगवू नये असे त्याला निक्षून सांगावे. तो पिवळेपणा हे वय आहे, दोष नव्हे. घड्याळ चालू झाले की रोज एका ठरलेल्या वेळी हळुवार चावी द्यावी आणि पाण्यापासून ते दूर ठेवावे.

घड्याळजींची संख्या दिवसेंदिवस घटत चालली आहे, हेही ध्यानात ठेवावे. गारगोटीच्या स्फटिकावर चालणारी बॅटरीची घड्याळे आली, मग खिशातील फोनच वेळ सांगू लागला आणि या कारागिरांचे काम ओसरले. आपण नेलेले एक जुने घड्याळ त्याच्या दुकानाला थोडा आधार देते, आणि त्याची विद्या पुढील पिढीस मिळण्याची आशा टिकविते.

दुरुस्त झालेल्या घड्याळासोबत एक कागद ठेवावा. ते कोणी, कोणत्या साली, कशासाठी घेतले. कोणत्या नोकरीत, कोणत्या पाळीला ते मनगटावर होते. ते कोणाला मिळाले, हे सारे त्यावर लिहावे. घरातील थोरांना आज विचारले तर ते सांगतील. उद्या सांगणारे कोणी असेलच असे नाही. आणि चावी देण्याचे काम घरातल्या लहान मुलाकडे सोपवावे. पहिले काही दिवस तो विसरेल, घड्याळ थांबेल, आणि पुन्हा वेळ लावून घ्यावी लागेल. त्या निमित्ताने ते कोणाचे होते हे त्याला पुन्हा एकदा सांगता येईल.