घरचा व्यवहार : नाव चढल्याशिवाय गाडी आपली नाही



या महिन्यात विषय जुन्या मोटारसायकलचा आहे. नवी गाडी आता लाखाच्या घरात गेली. त्यामुळे आपल्यातली बरीच घरे डीलरकडून वापरलेली गाडी घेतात. त्यात गैर काही नाही, नीट पाहून घेतलेली जुनी गाडी वर्षानुवर्षे साथ देते. पण आमच्या घरात या व्यवहारात जे घडले, ते आधी सांगतो.

मिरजेला माझी खाला राहते. तिचा मुलगा बेकरीतून टोस्ट, खारी, नानकटाई घेऊन आसपासच्या खेड्यांतल्या दुकानांना पोहोचवतो. आधी तो हे काम भाड्याच्या गाडीवर करायचा. स्वतःची गाडी घ्यायची ठरली तेव्हा खालाने स्पष्ट सांगितले, "व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही." तिने आपल्या दोन बांगड्या मोडल्या, मुलाने साठवलेले पैसे घातले आणि अठ्ठेचाळीस हजार रुपये रोख मोजून एका डीलरकडून गाडी घेतली. डीलरने आर.सी.ची झेरॉक्स दिली आणि साध्या पॅडवर पावती लिहिली : "मोटारसायकलपोटी रोख मिळाले." पावतीवर गाडीचा नंबरही नव्हता. "कागद एजंटकडे दिलेत, महिनाभरात नाव होईल," असे तो म्हणाला.

महिन्याचे पाच महिने झाले. एक दिवस पेट्रोल पंपावर दोन माणसे आली. फायनान्स कंपनीचे रिकव्हरीवाले. या गाडीचे सहा हप्ते थकले होते आणि कर्ज मूळ मालकाच्या नावावर होते. टोस्टच्या पेट्या रस्त्यावर उतरवून त्यांनी गाडी ओढून नेली.

खालाचा फोन आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बेटा, आपण व्याजापासून लांब राहिलो, मग हे कर्ज कुणाचे?"

आम्ही मूळ मालकाला शोधून काढले. तो शेतमजूर निघाला. आम्हाला पाहताच तोच आमच्यावर चिडला. पाच महिने त्याच्या मोबाइलवर आमच्या मुलाच्या गाडीचे दंडाचे मेसेज येत होते. "उरलेले हप्ते मी भरतो," असे सांगून डीलरने त्याच्याकडून गाडी आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या. तो आम्हाला चोर समजत होता, आम्ही त्याला. दोघेही एकाच माणसाकडून फसलो होतो. मग आम्ही मिळून डीलरला वकिलाची नोटीस दिली, तेव्हा कुठे त्याने थकलेली रक्कम भरली. तीन महिन्यांनी गाडी सुटली. तोवर दोन गावांची गिऱ्हाइके दुसऱ्याकडे गेली होती, ती आजही परत आलेली नाहीत.

या सगळ्यातून एकच गोष्ट शिकलो : चावी हातात आली म्हणजे गाडी आपली झाली असे नाही. आर.सी.वर नाव चढते तेव्हा ती आपली होते. म्हणून पूर्ण पैसे आणि पूर्ण कागद यांची अदलाबदल एकाच वेळी व्हायला हवी. पुढचे सगळे याच एका गोष्टीसाठी.

आधी कागद, मग गाडी

आपण उलटे करतो. गाडीचा रंग, आवाज पाहून मन बसते आणि मग कागदांकडे दुर्लक्ष होते. म्हणून शोरूमवर जाण्याआधी डीलरकडून फोनवरच गाडीचा नंबर मागून घ्या. परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर तो टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पी.यू.सी.ची मुदत दिसते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, पण डीलर सांगतो त्या नावाशी ताडून पाहण्याइतके दिसते. ई-चलानच्या संकेतस्थळावर थकलेला दंड पाहा. गाडी चोरीची आहे का, याची चौकशी करण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची "वाहन समन्वय" ही सोय आहे.

नंतर मूळ आर.सी. हातात घेऊन पाहा, झेरॉक्स चालवून घेऊ नका. त्यावर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर गाडीवर बोजा आहे. अशा वेळी "कर्ज फिटलंय" हा तोंडी शब्द पुरत नाही. कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि त्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हवा. एजंट याला "एच.पी. उतरवणे" म्हणतात. आमच्या खालाच्या मुलाने एवढे एक पाहिले असते तरी बांगड्यांचे पैसे अडकले नसते.

सांगली-कोल्हापूरकडे आणखी एक मोह असतो, तो म्हणजे के.ए. पासिंगची गाडी. ती स्वस्त दिसते. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ आपल्याकडे ठेवायची तर तिची इथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिथल्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी., म्हणजे फॉर्म २८, लागते आणि इथला कर भरावा लागतो. हा खर्च किमतीत धरून मगच स्वस्त की महाग ते ठरवा.

मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी घेतली तर नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर आपल्या माथी येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहा.

डीलर कोण आहे?

जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्र सरकारचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यानुसार डीलरला आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते फॉर्म २९ बी मध्ये असते आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. मालकाने अशा डीलरकडे गाडी दिली की फॉर्म २९ सी भरून पोर्टलवर कळवायचे. त्यानंतर गाडीची आणि तिच्या कागदांची जबाबदारी डीलरवर येते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारा : "तुमचे अधिकारपत्र दाखवता का? आणि या गाडीचा २९ सी झाला आहे का?" सगळ्याच डीलरांकडे हे असेल असे समजू नका. ज्याच्याकडे नाही, त्याच्याशी व्यवहार करायचाच असेल तर मूळ मालकाला समोर बोलवा. तो येत नसेल, फोनही देत नसेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी सलाम करून बाहेर पडा.

गाडी कशी पाहायची

आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याला दोनशे-तीनशे रुपये द्या, फुकट नेऊ नका, म्हणजे तो मन लावून पाहील. दिवसा जा. पोहोचताच इंजिनजवळ हात नेऊन बघा. आधीच गरम असेल तर गाडी अवघड सुरू होते हे लपवण्यासाठी ती आधी चालू करून ठेवलेली असू शकते. थंड इंजिन सुरू करायला सांगा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे मोठे काम निघणार.

हँडलखालच्या गळ्यावरचा चासी नंबर आणि इंजिनवरचा नंबर आर.सी.शी अक्षर-अक्षर जुळवा. नंबरावर कानस मारल्याच्या खुणा किंवा तेवढाच भाग ताजा रंगवलेला दिसला तर पुढे काही विचारू नका, निघा.

गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक हलवा, कोनसेट ढिली असेल तर हाताला कळते. चेनच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर चेनसेट बदलावा लागेल. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मीटर कमी किलोमीटर दाखवत असेल पण पायदानाचे रबर आणि हँडलची ग्रिप झिजून गुळगुळीत झाली असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. चालवून पाहताना सरळ मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. ओढत असेल तर अपघातात चासी वाकलेली असू शकते.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरातली गाडी धुऊन, पॉलिश करून नवी दिसते. पण सीटखाली, हेडलाइटच्या आत, वायरिंगच्या जोडांमध्ये मातीची बारीक पूड राहते आणि टाकीत आतून गंज दिसतो. टाकीचे झाकण उघडून टॉर्चने पाहायला लाजू नका.

जे दोष दिसले ते कागदावर लिहा आणि त्यांचा खर्च किमतीतून वजा करून बोला. त्याशिवाय पाच-सहा हजार रुपये घरी बाजूला ठेवा. जुनी गाडी पहिल्या दोन महिन्यांत काहीतरी मागतेच.

पैसे कसे द्यायचे

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला कुरआनमध्ये सूरह बकरात मिळते. नाव चढायचे बाकी असते तोवर डीलर आपले देणेच लागतो, मग ते लिहायला संकोच कशाला? "आपल्यातलाच माणूस आहे" म्हणून कागद टाळू नका. आपल्यातला असेल तर लिहून द्यायला त्याला अडचण नसावी.

विसार लहान द्या. त्याच्या पावतीवर गाडीचा नंबर, चासी नंबर, ठरलेली पूर्ण किंमत आणि "कागदात दोष निघाल्यास विसार परत" हे वाक्य हवे. बाकी रक्कम बँकेतून द्या, रोख देऊ नका. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोरे ठेवून सह्या घेऊ-देऊ नका. खरेदीदाराचे नाव आणि तारीख भरूनच सही. मालक राज्यातला असेल तर विक्री कळवायला त्याला १४ दिवस आणि आपल्या नावासाठी अर्ज करायला आपल्याला ३० दिवस अशी कायद्यात मुदत आहे. अर्ज दाखल झाल्याची पावती आपल्या हातात आल्यावरच मोठी रक्कम द्या आणि थोडी रक्कम नवी आर.सी. येईपर्यंत रोखून ठेवा. डीलर कुरकुर करेल. करू द्या. पैसे आपल्या हातात आहेत तोवरच आपला शब्द चालतो.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ, दोन्ही लिहिलेली डिलिव्हरी नोट घ्या. त्या वेळेआधीचा दंड त्यांचा, नंतरचा आपला. "इंजिनची सहा महिने गॅरंटी" असे तोंडी सांगितले असेल तर ते बिलावर उतरवून घ्या.

विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. समोरच्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाव बदलल्याशिवाय मिळायला अडचण येते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही आपल्याला मिळत नाही.

गाडी देणाऱ्यानेही जपावे

तो शेतमजूर मला विसरता येत नाही. आपण जुनी गाडी डीलरला देतो आणि मोकळे झालो असे समजतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी दोन-तीन हातांतून पुढे विकली गेली होती, तरी जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर आली. म्हणून गाडी देताना २९ सी करून घ्या किंवा खरेदीदाराचे नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. आणि गाडीतला ऐब स्वतःहून सांगा. दोन हजार कमी आले तरी चालतील, पण लपवलेला दोष दुसऱ्याच्या घरी जाऊन उभा राहतो.

फसलोच तर

आधी लेखी तक्रार डीलरला द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. गाडी चोरीची निघाली किंवा सह्या खोट्या असतील तर थेट पोलिसांत जा.

खालाच्या मुलाच्या आर.सी.वर आता त्याचे स्वतःचे नाव आहे. कार्ड पोस्टाने आले त्या दिवशी त्याने ते आधी खालाच्या हातात दिले. तिला वाचता येत नाही. तिने विचारले, "यात माझ्या मुलाचं नाव कुठे आहे, ते बोटाने दाखव." तुम्हीही गाडी घेताना डीलरला एवढेच म्हणा : नाव कुठे आहे, ते बोटाने दाखवा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या कष्टाच्या कमाईत बरकत देवो.