रब्बीची पेर उरकण्याआधी गावाने पाण्याचा हिशेब मांडावा

२०१८ साली राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला. २०२३ साली ४० तालुक्यांत जाहीर झाला, तोही ३१ ऑक्टोबरलाच. त्यानंतर जे मिळते ते आपल्याला पाठ आहे: जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ आणि गरज पडेल तिथे टँकर. यातले काहीच नको असे आम्ही म्हणत नाही. ते हक्काचे आहे आणि भांडून घ्यावे. पण यातल्या एकाही सवलतीने विहिरीतले पाणी मार्चपर्यंत टिकत नाही. उलट विजेची सवलत मिळते तेव्हा मोटार चालूच असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, गावाच्या शिवारात यंदा किती पाणी मुरले आणि ते कशाकशाला पुरेल, हा हिशेब ग्रामसभेने रब्बीची पिके ठरण्याआधी मांडावा आणि पिकांचा निर्णय त्यावर बेतावा.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. समजा, शिवार हजार हेक्टरांचे आहे आणि यंदा जेमतेम ३०० मिलिमीटर पडला. म्हणजे ३०० कोटी लिटर. आपला मुलूख काळ्या कातळाचा, त्यात मुरते ते थोडेच. ढोबळमानाने दहावा हिस्सा धरा, म्हणजे विहिरी-बोअरच्या वाट्याला ३० कोटी. दोन हजार माणसांना दरडोई ५५ लिटरप्रमाणे वर्षाला चार कोटी लागतात. पाचशे जनावरांना रोज पन्नास लिटर धरले तर आणखी नव्वद-एक लाख. म्हणजे पाच कोटींत अख्खे गाव, गोठ्यासकट, वर्षभर तहान भागवते. उरले २५ कोटी. शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, सात-सात सेंटिमीटरच्या दोन पाळ्या द्यायच्या तर हेक्टरी १४ लाख लिटर लागतात. म्हणजे पावणेदोनशे हेक्टर शाळू हाती येतो. हेच पाणी उसाला दिले, हेक्टरी दोन कोटी धरून, तर बारा हेक्टर पुरे होतात न होतात तोच विहिरीचा तळ दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, देशभर बातमी झाली. त्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर होते. एक हेक्टर शाळूची एक पाळीही त्यात भिजली नसती.

कोणी म्हणेल, हिशेब कसला मांडता, पाणी वाढवा. वाढवावेच. पण सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला आणि २०२० साली महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवले की भूजल वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. बांध-बंधारे वाईट होते असे नाही. बंधाऱ्यात अडलेले पाणी कोणी, किती, कशाला उपसायचे हे कोणीच ठरवले नव्हते, म्हणून जे मुरले ते शेजारच्या नव्या बोअरने ओढले. शेततळ्याचेही तेच. पावसाचा अपधाव साठवायचा म्हणून खोदलेल्या तळ्यात प्लॅस्टिक अंथरून बोअरचे पाणी भरले जाते. जमिनीच्या पोटात झाकलेले पाणी वर काढून उन्हात वाफ व्हायला ठेवायचे, आणि त्याला जलसंधारण म्हणायचे! ठिबकाचा मुद्दा खरा आहे. त्याने पाणी वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागला तर गावाच्या खात्यात काही जमा होत नाही.

‘माझी जमीन, माझी विहीर, पाणी माझे’ हा आक्षेप सर्वांत जुना. पण तीनशे फुटांवरचे पाणी बांध ओळखत नाही. एकाने खोल मारली की दुसऱ्याची आटते, हे दर उन्हाळ्यात डोळ्यांनी दिसते. कायदाही आता सगळा विहीरवाल्याच्या बाजूने नाही. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर घेण्याला १९९३च्या कायद्यानेच मनाई केली. २००९चा भूजल अधिनियम २०१४पासून लागू आहे. त्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी आहे आणि उपलब्ध भूजलावर पीकयोजना बेतण्याची तरतूदही आहे. गावात किती जणांनी तो वाचला आहे?

याहून जड आक्षेप पैशाचा आहे. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. शाळूला काय आहे? ऊस लावणारा शेतकरी वेडा नाही, हे कबूल करूनच पुढे बोलले पाहिजे. राज्यातल्या लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी पितो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने म्हटले, त्याला कितीतरी वर्षे झाली. ज्वारीची हमीभावाने गावोगाव खरेदी मात्र उभी राहिली नाही. ती मागणी आम्ही सरकारकडे करतोच. तरीही शाळूचा भाव सांगताना कडबा विसरू नये. सोयाबीनने शिवार भरले आणि कडब्याच्या गंजी गेल्या. म्हणून पाऊस हुकला की जनावर छावणीत किंवा बाजारात. दुष्काळी वर्षात ऊसही चाऱ्यासाठी मोडावा लागतो. तेव्हा आधी त्यात ओतलेले पाणी कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

राहिला गावातल्या गटातटांचा प्रश्न. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर आणि ऊस-केळी बंद ठेवली. ‘तिथे तसा पुढारी होता’ हे खरेच आहे, आणि प्रत्येक गावाला तो मिळणार नाही. म्हणूनच आमची मागणी लहान आहे. पहिल्याच वर्षी कोणाची मोटार बंद करायची नाही. हिशेब फक्त सर्वांसमोर यावा. बारा हेक्टर ऊस की पावणेदोनशे हेक्टर शाळू, हे चावडीच्या भिंतीवर लिहिलेले असताना नवी बोअर मारणाऱ्याला चार लोकांत उत्तर द्यावे लागेल. आज ते कोणी विचारतही नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत पावसाळा आटोपत आलेला असतो. शाळूची पेर चालू असते, पण हरभरा, गहू, पूर्वहंगामी आणि सुरू ऊस, उन्हाळी भुईमूग यांचा निर्णय व्हायचा असतो. त्याआधीच्या आठवड्यात मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा तलाठ्याकडून घ्यावा. प्रत्येक वाडीतल्या दोन विहिरींत दोरीला दगड बांधून सोडावा, पाणी किती हातांवर आहे ते लिहून ठेवावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळ असेल तर तिची नोंद मागावी. ‘पाण्याचा ताळेबंद’ हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज आधी द्यावा, आणि त्याची पोच घ्यावी.