पावसाळ्याआधी मालाचा हिशेब

चिपळूणच्या बाजारपेठेने १६ वर्षांत दोन मोठे पूर पाहिले. पहिला २६ जुलै २००५ चा, दुसरा २२ जुलै २०२१ चा. अरबी समुद्र तापत चालला आहे. असा पाऊस पुन्हा येणार हे धरूनच धंदा करायला हवा. वाशिष्ठीतला गाळ काढणे सरकारचे काम, पण तळमजल्यावरचे कापडाचे गठ्ठे आणि शिलाई मशीन वर चढवणे आपलेच. (भाड्याच्या गाळ्यात माळा बांधायला मालक परवानगी देत नाही, हेही खरे.)

विमा काढणारे बहुधा बँकेच्या कर्जापुरताच काढतात. माल दहा लाखांचा आणि विमा पाचाचा असेल, तर चार लाखांच्या नुकसानीचे दोनच लाख हाती पडतात. एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत पुराचे नुकसान येते, १५ टक्क्यांपर्यंतची तूटही माफ होते, निम्मी नाही.

विमा नाजायज मानणाऱ्या बांधवांशी आमचा वाद नाही. त्यांनी बाजाराचा फंड उभारावा, दर जुम्म्याला दुकानामागे ठरावीक रक्कम टाकावी. पण मे अखेर मालाची यादी करून एक प्रत उंचावरच्या घरी ठेवणे दोघांनाही चुकत नाही. पाणी शिरले की वह्या आधी भिजतात, आणि पंचनाम्याला आलेला माणूस कागदच मागतो.