सोवळ्यातली माशी

‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नाला मी ‘माश्या बांधतोय’ असं उत्तर दिलं, की समोरच्याला ‘माश्या मारतोय’ असंच ऐकू येतं. त्यामुळे आधी खुलासा. गळावर पिसं, तार, धागा गुंडाळून किड्याची नक्कल करायची आणि तिच्यावर मासा पकडायचा, याला फ्लाय फिशिंग म्हणतात. मी इंग्लंडमध्ये कोड लिहून पोट भरतो आणि शनिवारी हे करतो.

या छंदात एक सोवळं आहे, आणि माझं भांडण त्या सोवळ्याशी आहे.

दक्षिण इंग्लंडमध्ये चॉक स्ट्रीम्स नावाच्या नद्या आहेत. खडूच्या खडकातून झिरपून आलेलं, काचेसारखं पाणी. जगातल्या बहुतेक चॉक स्ट्रीम्स याच देशात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेडरिक हॅलफर्ड या गृहस्थाने इथल्या ट्राउट पकडण्याचं शास्त्र लिहून काढलं. माशी कोरडी हवी, पाण्यावर तरंगायला हवी, आणि ती फक्त वर येऊन खाणाऱ्या माशासमोरच टाकायची. शास्त्राचा धर्म झाला तो त्याच्या अनुयायांच्या हातून. पाण्याखाली जाणारी माशी म्हणजे विटाळ!

अडचण एवढीच होती की हा धर्म ट्राउटला कुणी सांगितला नव्हता. मेफ्लाय नावाचा किडा पंख फुटल्यावर एखाद-दोन दिवस जगतो. त्याला खायला धड तोंडही नसतं. त्याआधीचे कित्येक महिने, काही जातींमध्ये दोन वर्षं, तो नदीच्या तळाशी निम्फ म्हणून काढतो. ट्राउटचं बरंचसं जेवण पाण्याखालीच होतं. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने हे पुराव्यानिशी दाखवलं. पकडलेल्या माशाच्या पोटात काय आहे ते तो चमच्याने काढून बघायचा. १९१०मध्ये त्याने ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ लिहिलं. बक्षीस काय मिळालं? १९३८मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फवर जाहीर वाद झाला आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या स्क्यूजला आपली बाजू मांडत उभं राहावं लागलं. वर्षानुवर्षं ज्या पाण्यावर तो मासे पकडत होता, तेही त्याच वर्षी सुटलं. आजही काही नद्यांवर १ जुलैपूर्वी निम्फ वापरायला बंदी आहे, काहींवर तर पूर्णच.

आता फ्रँक सॉयरकडे या. हा क्लबातला साहेब नव्हता. विल्टशायरमध्ये एव्हन नदीवर लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारीची राखण करणारा हा नोकर माणूस. गवत कापणं, गाळ काढणं, काठ सांभाळणं हे त्याचं काम. त्याने बांधलेला फेझंट टेल निम्फ आज जगभर वापरला जातो. १९५८च्या ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ या पुस्तकात त्याने तो समजावून सांगितला आहे.

साहित्य दोनच. फेझंट नराच्या शेपटीतले चार तंतू आणि तांब्याची केसासारखी बारीक तार. धागा नाहीच! तार गळावर गुंडाळायची आणि छातीच्या जागी तिचाच उंचवटा करायचा. तंतूंची टोकं मागे किंचित बाहेर ठेवून बांधायची, ती झाली शेपूट. उरलेले तंतू तारेभोवती पिळून पुढे गुंडाळत न्यायचे, छातीवर दोन-तीनदा मागेपुढे दुमडायचे, की पंखांची पिशवी तयार. तारेची गाठ मारा, संपलं. तीच तार बांधते, तीच वजन देते, तीच तंतूंच्या फटींतून तांबूस चमकते. एका गोष्टीकडून तीन कामं. ऑफिसात असा कोड कुणी लिहिला तर मी त्याला चहा पाजीन.

आणि पाय? पाय नाहीत. निम्फ पोहताना पाय अंगाशी घट्ट आवळून घेतो, हे सॉयरने नदीत बघितलं होतं. दुकानातले पाय-डोळे काढलेले, चकाकणारे निम्फ बघा. ते माणसाच्या पाकिटाला गळ टाकतात.

सोवळेवाल्यांचा एक मुद्दा मी गंभीरपणे घेतो. निम्फने मासे जास्त सापडतात, म्हणून संयम हवा, असं ते म्हणतात. संयम हवाच. मग किती मासे घरी न्यायचे त्यावर मर्यादा घाला, विणीच्या काळात बंदी ठेवा, काटा नसलेले गळ सक्तीचे करा. हे नियम माशासाठी आहेत. माशी तरंगते की बुडते हा नियम माशासाठी नाही. ‘आमच्यातला कोण’ हे ठरवण्यासाठी तो आहे. सोवळ्याचं हे गणित मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण माझा खरा राग पुढे आहे. पृष्ठभागाची पूजा करणाऱ्याला तळाशी काय चाललंय ते दिसत नाही, आणि नदी मरते ती तळापासून. बारीक गाळ दगडांमधल्या फटी बुजवतो. सांडपाणी येतं. नाजूक निम्फ आधी जातात, मासे नंतर. वरून पाणी सुंदरच दिसत असतं. इंग्लंडमध्ये आज स्वयंसेवक, त्यात बरेचसे गळवालेच, दर महिन्याला जाळी घेऊन नदीत उतरतात, तळ ढवळून निम्फ मोजतात आणि आकडा घसरला की सरकारी यंत्रणेला कळवतात. निम्फ बांधायला शिकलेल्या माणसाला ही मोजणी कुणी शिकवावी लागत नाही. तो आधीपासूनच खाली बघत असतो.

मी पुण्याचा. आमच्याकडे मुळा-मुठेवरची चर्चा काठाभोवती फिरते: काठावर काय बांधायचं, चालायला रस्ता कुठे, बाकं कशी. पाण्याखाली काय जगतंय, हा प्रश्न त्या गर्दीत ऐकूही येत नाही. हेही एक सोवळंच, सुशोभीकरणाचं.

तुम्ही गळ हातात धरावा असा माझा आग्रह नाही. पण पुढच्या ट्रेकला एखादा वाहता ओढा लागला, तर फोटो काढून झाल्यावर पाण्यातला एक दगड उलटा करून बघा. त्याला चिकटलेला चपटा, तपकिरी, शेपटीला दोन-तीन केस असलेला जीव दिसला तर समजा, हे पाणी अजून जिवंत आहे. दगड होता तसा परत ठेवा. आणि काहीच दिसलं नाही, तर वरून पाणी कितीही नितळ असो, वर कुठे काय मिसळतंय ते शोधायला लागा.