सुकाणूं कोणाच्या हातीं?

परवां वर्सोव्याच्या किनाऱ्यावर घरांतील मुलांनीं आम्हांस विचारलें कीं, शिडाची नौका घेऊन एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेला मनुष्य निजतो तेव्हां सुकाणूं कोण धरतें? प्रश्न पोरकट खास नव्हे.

एक उपाय विजेच्या यंत्राचा. तें होकायंत्राची दिशा धरून सुकाणूं हलवितें; वारा पडला तरी त्याचें अडत नाहीं, परंतु बॅटरी उतरली कीं तें मुकें! दुसरा उपाय नौकेच्या पाठीमागें उभारलेलें वाऱ्याचें पातें. नौका वाऱ्याशीं ठरविलेला कोन सोडूं लागली कीं पातें कलतें, त्यायोगें पाण्यांतील फळी वळते, आणि पाण्याचाच जोर दोऱ्यांवाटे सुकाणूं ओढून नौकेस ताळ्यावर आणतो. वीज मुळींच नको. मात्र वारा फिरला तर नौकाही निमूटपणें फिरते, निजलेल्यास पत्ता नसतो.

तरीही दूरच्या सफरीस आमचा कल पात्याकडे आहे, कारण तें हातानें दुरुस्त होतें. मुंबईंत सागवानाची बांधलेली ‘सुहेली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ सालीं निघाले. त्यांचें पातें मात्र ऑस्ट्रेलियाजवळ कायमचें निकामी झालें, आणि पुढें शिडांचा तोल साधीतच ते एप्रिल १९६९ मध्यें इंग्लंडास परतले. २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतींत विजेच्या यंत्रास मज्जावच होता. आपल्या आरमारांतून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी यांचें पातें वाटेंत मोडलें, तेव्हां त्यांनीं शौचकूपाचें दार कापून तें सांधलें व २०२३ सालीं दुसरा क्रमांक मिळविला.

“मग दारावांचून?” धाकट्यानें विचारलें. नौकेवर दुसरें होतें कोण?